उघड्यावरच्या लग्नाचा आवाज: वारा, कूलर आणि जनरेटर यांच्यातून शब्द वाचवायचे कसे

विदर्भातल्या खेड्यात लग्नाचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे. घरापुढे नाहीतर वावरात मांडव, वर ताडपत्री किंवा हिरवी नेट, चार कोपऱ्यांत चार जंबो कूलर आणि मागे कुठेतरी घरघरणारा जनरेटर. चित्रीकरणाच्या धंद्यात नव्याने आलेला माणूस कॅमेरा, लेन्स, ड्रोन सगळं चोख तयार ठेवतो, पण आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकच्या भरवशावर सोडतो. मग मामांनी गायलेल्या मंगलाष्टकाच्या जागी नुसती भडभड ऐकू येते. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण गेलेला आवाज परत येत नाही.

एक-दोन कॅमेरे आणि बेताचं बजेट असलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यातला निम्मा भाग सामानाचा नाहीच, माइक कुठे ठेवायचा आणि कोणाशी आधी बोलून घ्यायचं याचा आहे. सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

खराबी तीन प्रकारची

पहिली, वारा. वाऱ्याची भडभड दुरून ऐकू येत नसते, ती माइकवरच तयार होते. हवेचे छोटे भोवरे थेट माइकच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा ढकलला जातो. ही भडभड बहुतांशी २०० हर्ट्झच्या खाली असते, जोराच्या झोतात आणखी वर चढते. झोत मोठा असला की रेकॉर्डिंग फाटतं, आणि फाटलेल्या जागी मूळ शब्द शिल्लकच राहत नाही. त्यामुळे वारा पडद्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, हाच इलाज.

दुसरी, आजूबाजूचा गोंगाट. जनरेटर, कूलरचे पंखे, फडफडणारी ताडपत्री, आचाऱ्याच्या कढया-झारे, शेजारच्या वावरातली मोटर. यावर उपाय एकच: माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ न्या. उघड्यावर अंतर निम्मं केलं की बोलण्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरवरच्या कॅमेऱ्याऐवजी माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर आला, तर बोलणं सुमारे २६ डेसिबलने वर येतं आणि जनरेटर जिथे होता तिथेच राहतो. एवढी कमाई कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

तिसरी, कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल. गुरुजी श्वास घ्यायला थांबले की कॅमेरा लेव्हल आपोआप वर ओढतो आणि कूलरची घरघर फुगते. ते पुन्हा म्हणू लागले की दाबली जाते. हे फुगणं-बसणं नंतर काढता येत नाही, कारण गोंगाट एका पातळीवर राहिलेला नसतो. ऑटो बंद, लेव्हल हाताने. हा नियम अपवादाशिवाय पाळा.

आदल्या दिवशी मांडवात चक्कर

शक्य असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर लग्नाच्या सकाळी मांडव बांधून होत असतानाच पोचा. बांधून झालेला मांडव कोणी तुमच्यासाठी हलवत नाही.

आधी वाऱ्याची दिशा बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो, ऊन तापलं की वाढतो आणि सूर्य कलल्यावर पडतो. पत्रिकेवर मुहूर्त ११:३० चा असला तरी लग्न दीडला लागतं हे धरूनच चाला, म्हणजे ऐन वाऱ्याच्या वेळेला. गोरज मुहूर्ताच्या लग्नाला वारा कमी असतो, पण मे महिन्यात संध्याकाळी ढग आले तर वावधन (वादळ) सुटायला वेळ लागत नाही.

बिछायतवाल्याला दोन गोष्टी सांगा. स्टेजच्या वाऱ्याकडच्या बाजूला कनात लावायची, जमलं तर दुहेरी. आणि ताडपत्रीची लोंबणारी टोकं ताणून बांधायची. सैल ताडपत्री वाऱ्याने फटाफट वाजते, आणि हा आवाज बोलण्याच्याच पट्ट्यात येत असल्यामुळे फिल्टरने जात नाही. शेडनेट असेल तर उत्तम. ती वारा अर्धवट जाऊ देते, वेग मोडते आणि फडफडत नाही. घट्ट प्लास्टिकवर वारा आदळून कडेने आणखी जोरात घुसतो.

आता कूलर. मांडवात माइकवर येणारा सगळ्यात वाईट वारा बाहेरचा नसतो, कूलरचा असतो. जंबो कूलरचं तोंड नेमकं स्टेजकडे केलेलं असतं, कारण नवरदेव-नवरीला घाम येऊ नये ही सगळ्यांची इच्छा. ४५ अंशांत कूलर बंद करा असं म्हणू नका. कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. कूलरच्या पट्ट्या जरा वर करायला सांगा, म्हणजे झोत डोक्यावरून जाईल. दोन कूलर समोरासमोरून स्टेजवर मारत असतील तर एक वऱ्हाडाकडे वळवा. मंगलाष्टकांपुरता, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, स्टेजजवळच्या कूलरचा पंखा मंद ठेवून पंप चालू ठेवता येतो. हे काम ऐनवेळी कोण करणार, त्या पोराचं नाव आधीच विचारून घ्या, नाहीतर मुहूर्ताला तुम्ही कॅमेरा सोडून बटण शोधत फिराल.

जनरेटर स्टेजपासून निदान ३० मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा ज्या बाजूला जातो तिकडे, ठेवायला सांगा. मध्ये घराची भिंत आली तर फार चांगलं. भिंत नसेल तर रिकामी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी उभी करा. जड घरघर ट्रॉलीला वळसा घालून येते, पण वरचा कर्कशपणा अडतो. कडब्याच्या पेंढ्या किंवा कुटाराची पोती रचून आडोसा करायची कल्पना कोणीतरी सुचवतंच. गरम सायलेन्सरजवळ ती आगीला निमंत्रण आहे, करू नका. वायर कमी पडते म्हणून जनरेटर जवळ ओढला जातो, तेव्हा वायर किती लांब आहे हे आदल्या दिवशीच विचारा.

माइक कोणता घ्यायचा

कॅमेऱ्यावर बसवायचा शॉटगन माइक (समोरचा आवाज धरणारा लांबट नळीचा) सगळे आधी घेतात. तो वाईट नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा चुकीची असते. शॉटगन दूरचा आवाज जवळ ओढत नाही, फक्त बाजूचा आवाज थोडा कमी करतो, तोही मुख्यतः वरच्या पट्ट्यातला. जनरेटरची जड घरघर तो फारशी कमी करत नाही. शिवाय एका दिशेचा माइक वाऱ्याला जास्त हळवा असतो. कॉलर माइक सहसा चारही दिशांचा असतो आणि वारा जरा जास्त सोसतो.

पहिली खरेदी कॉलर माइकची करा. वायरवाला बोया बीवाय-एम१ स्वस्तात मिळतो, सोबत ६ मीटर वायर असते. कॅमेऱ्याला लावताना त्यातला सेल चालू असावा लागतो, मोबाईलला लावताना बटण मोबाईलच्या बाजूला करावं लागतं. हे बटण उलटं राहिल्याने आवाज न आल्याच्या तक्रारी कायम ऐकू येतात. या माइकला जुना मोबाईल जोडा, रेकॉर्डिंग चालू करा, एरोप्लेन मोडवर टाका आणि नवरदेवाच्या खिशात ठेवा. झाला तुमचा स्वतंत्र रेकॉर्डर. एरोप्लेन मोड विसरलात तर मंगलाष्टकांच्या मध्ये रिंगटोन वाजेल.

पिन तपासा. मोबाईलच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. वरच्यासारखं बटण नसलेला, फक्त मोबाईलचा माइक कॅमेऱ्यात थेट खुपसला की आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही; मध्ये अडॅप्टर लागतो.

वायरलेस घेणार असाल तर ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होतं असा सेट बघा. रोड वायरलेस गो २ आणि डीजेआय माइक २ यांत ही सोय आहे. कंपन्या २०० मीटर वगैरे पल्ला सांगतात तो मोकळ्या मैदानातला. मांडवात चारशे माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, आणि ट्रान्समीटर नवरदेवाच्या पाठीमागे असला की दहा-पंधरा मीटरवरही आवाज तुटू शकतो. माणसाचं शरीर हा सिग्नल अडवतं. ट्रान्समीटर आणि रिसिव्हर एकमेकांना दिसतील असे ठेवा, रिसिव्हर कॅमेऱ्यावर उंच असू द्या. आतलं रेकॉर्डिंग असेल तर तुटलेला भाग नंतर भरून काढता येतो. ही सोय काही सेटमध्ये ॲपमधून आधी चालू करावी लागते, ते घरीच करा.

माइकची टोपी

माइकवर येणारा काळा फोम घरात पंख्याखाली पुरतो, वावरात पुरत नाही. बाहेर केसाळ टोपी हवी. तिचे लांब केस वाऱ्याचा वेग मोडतात आणि आत माइकभोवती हवेचा स्थिर थर तयार होतो. फोम काढून टाकू नका. फोमवर केसाळ टोपी, असे दोन थर ठेवा.

तयार टोपी मिळत नसेल तर टेडी बेअरला लागतं ते लांब केसांचं कापड कापडाच्या मोठ्या दुकानात मीटरवर मिळतं. घेताना कापड तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर सहज पार गेली तर घ्या. पाठीमागे रबरासारखा थर असेल आणि फुंकर अडत असेल तर त्या टोपीतून आवाजही गोधडीखालून आल्यासारखा येईल. शॉटगनसाठी फोमच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापड कापा, केस बाहेरच्या बाजूला ठेवून नळी शिवा, एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकाला इलॅस्टिक घाला. कॉलर माइकसाठी बोराएवढी टोपी पुरते, तिला आतून दोरा बांधून माइकच्या मानेला आवळा. नुसती चढवलेली टोपी पंगतीत कुठे पडते ते कळतही नाही. दोन-चार जास्तीच्या ठेवा.

हळदीच्या कार्यक्रमात टोपीचे केस चिकटून गोळा होतात, आणि चिकटलेले केस वारा अडवत नाहीत. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, जुन्या टूथब्रशने केस मोकळे करा. ओली टोपी माइकवर चढवू नका.

माइक नेमका कुठे

इथे घाई करू नका, कारण लग्नातले बरेच आवाज माइकवर कापड घासूनच खराब होतात.

नवरदेव. शेरवानीवर हनुवटीखाली एक वीत, ही नेहमीची जागा. पण वरमाला पडल्यावर हार नेमका त्याच जागेवर येतो आणि प्रत्येक हालचालीला खरखर होते. म्हणून माइक कॉलरच्या कडेला, मानेच्या बाजूने लावा, हार सहसा त्याखाली बसतो. दुसरी जागा फेट्याची: कपाळावरच्या घडीत माइक आत सरकवा, टोक जेमतेम बाहेर असू द्या, वायर फेट्याच्या आतून मानेमागे उतरवा. फेट्याचं कापडच वारा अडवतं आणि हाराचा प्रश्नच येत नाही. मात्र बाशिंग किंवा मुंडावळ्या असतील तर त्यांच्या लडी माइकवर टकटक करतात. माइक त्या बाजूला ठेवू नका. फेटा बांधणाऱ्याला आधी गाठा, बांधून झालेल्या फेट्यात वायर जात नाही.

कापडाखाली माइक लपवायचा असेल तर मेडिकलच्या दुकानातली मायक्रोपोर टेप आणा. टेपचा दोन बोटं लांब तुकडा चिकट बाजू बाहेर करून त्रिकोणी घडी घाला. असे दोन त्रिकोण करा, माइक त्यांच्या मध्ये ठेवा, एक बाजू कापडाला आणि एक बाजू आतल्या बनियनला चिकटवा. दोन्ही थर माइकला पक्के चिकटले की घासायला काही उरत नाही. माइकखाली वायरचा एक छोटा वेढा करून तोही चिकटवा, म्हणजे खालून ओढ बसली तरी माइकपर्यंत जात नाही. सुती कापड चालतं, कडक जरी आणि नायलॉन खरखरतात. घामाने टेप तासाभरात सुटते, म्हणून लग्न प्रत्यक्ष लागायच्या आधी अर्धा तास लावा, सकाळपासून नको.

नवरीला माइक लावूच नका, असं आमचं मत. बांगड्या, हार, शालू आणि दागिने यांच्यात स्वच्छ आवाज मिळणं कठीण, आणि ती फारशी बोलतही नाही. नवरदेवाचा माइक शेजारचं तिचं बोलणं पुरेसं उचलतो. पाठवणीचा आवाज जवळ नेलेल्या शॉटगनने घ्या.

गुरुजी. ते बहुतेक वेळा साऊंडवाल्याचा हातातला माइक धरतात, अंगावर उपरणं असतं आणि हात सारखे चालू असतात. त्यांच्या अंगावर माइक लावण्यापेक्षा तुमचा कॉलर माइक त्यांच्या हातातल्या माइकच्याच दांड्यावर, जाळीच्या अगदी खाली, टेपने बांधा. गुरुजी तोंड जिथे नेतील तिथे तुमचा माइक जातो. मामा, काका, मैत्रीण असे मंगलाष्टकं म्हणणारे बदलत राहतात, माइक मात्र तोच हातोहात फिरतो, म्हणजे सगळ्यांचा आवाज मिळतो. वायर टेपने दांड्याला धरा आणि छोटा ट्रान्समीटर दांड्याच्या बुडाशी बांधा. जाळी मुठीत धरणारा मामा प्रत्येक लग्नात असतो. त्याला खाली धरायला सांगा.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात मामला सोपा असतो. त्रिशरण-पंचशील, मग वधू-वरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा, सगळं एका जागी आणि बऱ्यापैकी शांततेत होतं. भंतेजींच्या चीवराला माइक लावायचा तर आधी विचारा. नको म्हणाले तर समोरच्या टेबलावर छोट्या स्टँडवर माइक ठेवा, तोंडापासून हातभर अंतरावर, मेणबत्ती आणि अगरबत्तीपासून बाजूला. प्रतिज्ञा वधू-वर हळू आवाजात, भंतेजींच्या मागोमाग म्हणतात. तिथे नवरदेवाचा कॉलर माइकच कामाला येतो.

साऊंडवाल्याकडून लाइन

साऊंडवाल्याशी नीट बोललात तर सगळ्यात स्वच्छ आवाज त्याच्या मिक्सरमधून मिळतो. मेन आऊट घेऊ नका, त्यात इको आणि गाणी मिसळलेली असतात. ऑक्स आऊट (हवे तेच माइक वेगळे काढून देणारं आऊट) मागा आणि त्यात फक्त गुरुजींचा माइक सोडायला सांगा. ऑक्स नसेल तर रेकॉर्ड आऊट किंवा अँप्लिफायरच्या मागचं लाइन आऊट. स्पीकरच्या आऊटला चुकूनही काही जोडू नका, रेकॉर्डर जळेल.

सोबत तीन वायरी ठेवा: आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची), पी-३८ (जाड पाव इंची पिनेची) आणि एक्सएलआर (तीन काड्यांच्या गोल पिनेची), तिन्हींचं दुसरं टोक तुमच्या रेकॉर्डरला बसणारं.

लाइनचा आवाज माइकपेक्षा कितीतरी मोठा असतो. रेकॉर्डरवर लाइन इनपुट निवडा. कॅमेऱ्यात तशी सोय नसेल तर मध्ये २० ते ४० डेसिबल कमी करणारा अटेन्युएटर लागतो. नाहीतर लेव्हल खाली करूनही आवाज फाटलेलाच येतो, कारण तो आत शिरतानाच फाटलेला असतो.

आणखी एक फसगत. मिक्सरचा संतुलित (बॅलन्स्ड, म्हणजे एकच आवाज सुलट-उलट दोन तारांतून देणारा) आऊट थेट स्टीरिओ पिनला जोडला तर डाव्या आणि उजव्या बाजूला एकमेकांच्या उलट आवाज जातो. हेडफोनवर तो जरा पोकळ वाटतो, पण मोबाईलच्या एका स्पीकरवर लावला की बोलणं जवळपास गायब. अशी फाइल आली तर एकच बाजू ठेवा, दुसरी काढून टाका.

हेडफोनमध्ये सतत हूं ऐकू आला तर तुमचं यंत्र जनरेटरच्या विजेवर आहे का बघा. रेकॉर्डर बॅटरीवर किंवा पॉवरबँकेवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्याने हूं जातो. राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर (हूं तोडणारी छोटी डबी) मध्ये घाला.

लेव्हल

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याचे उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. कॅमेऱ्याचा आतला अँप्लिफायर सहसा सरसर करतो, म्हणून ट्रान्समीटरचा आवाज वाढवा आणि कॅमेऱ्याची लेव्हल कमी ठेवा. ज्या कॅमेऱ्यांत ० ते ३१ अशी लेव्हल असते तिथे ३ ते ६ वर सुरुवात करून मीटर बघा. माइकवर किंवा रेकॉर्डरवर लो-कट (खालचा जड आवाज कापणारं बटण) असेल तर ८० किंवा १०० हर्ट्झवर चालू करा.

आता तो एक क्षण. मंगलाष्टकं चालू आहेत, सगळं बेतात आहे. शेवटचं ‘सावधान’ झालं, आंतरपाट खाली आला आणि त्याच सेकंदाला बँड, धुमाल, फटाके आणि टाळ्या एकदम सुटतात. उणे १२ वर लावलेली लेव्हल तिथे फाटणारच. यावर तीन उपाय आहेत. ट्रान्समीटरमध्ये सेफ्टी ट्रॅक असेल तर चालू करा, तो तोच आवाज कमी पातळीवर दुसरीकडे ठेवतो. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंग (लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येणारं) असेल तर ते निवडा. मात्र वाऱ्याची भडभड त्यातही तशीच येते आणि आवाज माइकच्या पडद्यालाच झेपेनासा झाला तर तेही कामाचं नाही. यातलं काहीच नसेल तर दुसऱ्या कॅमेऱ्याची लेव्हल मुद्दाम १५ डेसिबल खाली ठेवा.

अक्षता तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, उघड्या माइकवर टपटप वाजतात. केसाळ टोपी इथेही उपयोगी पडते.

लग्नाच्या दिवशी या क्रमाने

१. मुहूर्ताच्या दोन तास आधी सगळ्या बॅटरी भरलेल्या, कार्डं रिकामी. बॅग उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

२. कूलर, जनरेटर आणि साऊंड, तिन्ही चालू असताना हेडफोन लावून स्टेजवर उभे राहा. हे सगळं बंद असताना केलेली चाचणी काही कामाची नाही.

३. साऊंडवाल्याची लाइन जोडा, गुरुजींच्या माइकवर कोणालातरी जोरात बोलायला लावा, लेव्हल ठरवा.

४. नवरदेवाला माइक लावा. मान डावी-उजवी वळवायला आणि हात वर करायला सांगा. खरखर आली तर जागा आत्ताच बदला.

५. सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर चालू करून, नंतरच्या जुळवणीसाठी एक टाळी वाजवा. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा एक. वेगवेगळी यंत्रं तासाभरात थोडी पुढेमागे सरकतात. दोन टाळ्या असल्या की किती सरकली ते कळतं.

६. कोणी बोलत नसताना ३० सेकंद नुसता मांडवाचा आवाज घ्या, कूलर-जनरेटरसकट. हा तुकडा संगणकावर लागतो.

७. हेडफोन कानातून काढू नका. मीटर हलतो म्हणजे आवाज चांगला येतो असं नाही. वाऱ्यानेही मीटर हलतो.

कॅमेरा घेऊन फिरताना वाऱ्याकडे पाठ करा, तुमच्या अंगाचाच आडोसा होतो. मुलाखत किंवा आशीर्वादाचे दोन शब्द घ्यायचे असतील तर माणसाला मांडवाच्या कडेला उभं करण्याऐवजी घराच्या ओसरीत न्या. दोन मिनिटांचं काम असतं.

वरातीसाठी वेगळी तयारी नको. डीजे किंवा धुमालपुढे कॉलर माइक काढून ठेवा, कॅमेऱ्यावरच्या माइकचा उणे २० डेसिबलचा खटका असेल तर चालू करा, लेव्हल अगदी खाली घ्या आणि स्पीकरच्या थेट समोर उभे राहू नका.

संगणकावर

आधी जुळवणी. दूरच्या कॅमेऱ्यात आलेला भोंग्याचा आवाज मिक्सरच्या लाइनपेक्षा उशिरा पोचलेला असतो. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १४ मीटरला एक फ्रेम. ओठ जुळत नाहीत असं वाटलं तर आवाज त्या हिशेबाने सरकवा. दोन्ही आवाज एकत्र ठेवलेत तर विहिरीतून बोलल्यासारखं होतं. एकच मुख्य ठेवा.

मग सफाई, याच क्रमाने. हाय-पास फिल्टर (खालचा जड आवाज कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर. वारा उरला असेल तर १२० पर्यंत चढवा. पुरुषाचा आवाज त्याच्या वर गेलात की पातळ होतो, बाईच्या आवाजाला थोडी जास्त मोकळीक असते. मग जनरेटरच्या हूंसाठी ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद कात्री. मग नॉइज रिडक्शन. ऑडॅसिटी फुकट आहे: ३० सेकंदांचा मांडवाचा तुकडा निवडा, नमुना घ्या, मग पूर्ण आवाजावर ६ ते १० डेसिबलच कमी करा. जास्त खेचलंत तर आवाज पाण्यातून आल्यासारखा बुडबुडतो. तेवढ्यापेक्षा थोडी घरघर परवडली. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही नॉइज रिडक्शन आहे. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा) सगळ्यात शेवटी, कारण तो आधी लावला तर गोंगाटही वर ओढतो.

बटण दाबताच आवाज स्वच्छ करणारी एआय साधनं बोलण्यासाठी घडवलेली आहेत. काकांच्या आशीर्वादावर ती छान चालतात. सुरात म्हटलेल्या मंगलाष्टकांवर आणि गाथांवर मात्र ती अक्षरं गिळतात, सनईला गोंगाट समजून पुसतात. तिथे त्यांचा जोर निम्म्याखाली ठेवा किंवा वापरूच नका. मूळ आवाजाशी ताडून ऐका; ‘सावधान’मधला ‘ध’ नीट ऐकू येतोय का, एवढं तपासलं तरी कळतं.

पूर्ण स्वच्छ केलेल्या आवाजाखाली कॅमेऱ्याच्या माइकचा थोडा मांडव परत मिसळा, मुख्य आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली. नुसता कॉलर माइक ऐकला तर लग्न बंद खोलीत लागल्यासारखं वाटतं. शेवटी सगळं एकदा मोबाईलच्या स्पीकरवर आणि एकदा टीव्हीवर ऐका, आणि घरच्यांनी व्हिडिओ बघून होकार देईपर्यंत कार्डावरच्या मूळ फाइल पुसू नका.